कानातला माझा आवाज

माझं काम काय आहे हे फार कमी लोकांना समजतं, म्हणून आधी तेच सांगते. मी फोनवरची दुभाषी आहे. इंग्लंडमधल्या रुग्णालयांत गुजराती म्हातारी माणसं डॉक्टरसमोर बसतात. त्यांना इंग्रजी येत नसतं आणि डॉक्टरला गुजराती येत नसतं. मग तिथली नर्स एक नंबर फिरवते आणि बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत, माझ्या कॉम्प्युटरवर घंटी वाजते. त्यांची सकाळ म्हणजे आमची दुपार. जेवून, ओटा आवरून मी हेडसेट चढवते ती दिवेलागणी उलटेपर्यंत. घरात मराठी, जिन्यात गुजराती आणि कानात इंग्रजी. बडोद्याच्या मराठी घरात वाढलेल्या माणसाला यात काही विशेष वाटत नाही.

या कामाचा एक कडक नियम आहे. दुभाष्याला स्वतःचा ‘मी’ नसतो. पेशंट म्हणाला, ‘माझं पोट दुखतं’, की मीही म्हणायचं, ‘माझं पोट दुखतं’. डॉक्टर म्हणाले, ‘मी औषध बदलतो’, तर मीही म्हणायचं, ‘मी औषध बदलतो’. आणि मला, म्हणजे मैथिलीला, खरंच काही बोलायचं असेल तर स्वतःबद्दल परक्यासारखं बोलायचं : ‘दुभाषीला हा शब्द नीट ऐकू आला नाही, पुन्हा सांगाल का?’ नव्या मुली इथे हमखास गडबडतात. ‘ते म्हणतात की’, ‘बेन सांगतात की’ असं लावत बसतात. माझं तसं कधी झालं नाही. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. डॉक्टरने कडक सांगितलं तर कडक, हळू सांगितलं तर हळू. या गोष्टीचा मला ताठा होता आणि तो मी कधी लपवला नाही.

तशी मी गोड बोलणारी बाई नव्हेच. उत्कर्ष, माझा नवरा, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. तो म्हणतो, लग्नाला होकारसुद्धा तू हजेरी दिल्यासारखा दिलास. घरात आम्ही दोघंच. तो सकाळी शिकवून येतो, दुपारी पेपर तपासतो आणि संध्याकाळचा स्वयंपाक करतो, कारण तेव्हा मी इंग्लंडात असते.

गेल्या थंडीत कंपनीने नवा हेडसेट पाठवला. जुन्यात एक कान उघडा राहायचा. हा दोन्ही कान गच्च झाकणारा होता, वर मऊ काळ्या गाद्या. बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येईना, पंखासुद्धा नाही. त्यामुळे मला माझा आवाजही नीट ऐकू येईना, आणि मी नकळत ओरडून बोलायला लागले. दुसऱ्याच दिवशी उत्कर्ष दारात उभा राहिला, हातवारे करत. मी एक कान मोकळा केला.

“अगं, धीमे बोल ने जरा! कुणाला मूळव्याध आहे ते पाणीगेटपर्यंत कळलं.”

हे खरोखर लाजिरवाणं होतं. पेशंटच्या गोष्टी गुप्त ठेवायच्या असतात. मी कंपनीच्या तांत्रिक मदतीला फोन लावला. तिथे ध्रुव नावाचा एक तरुण इंजिनिअर होता, सुरतकडचा. त्याने तिकडून माझ्या कॉम्प्युटरचा ताबा घेतला. माझा बाण माझ्याच पडद्यावर माझ्याशिवाय फिरायला लागला आणि एका खिडकीत जाऊन थांबला. तिथे एक आडवी पट्टी होती आणि पट्टीवर एक निळा ठिपका, अगदी डावीकडे.

“बेन, आने साइडटोन कहेवाय,” तो म्हणाला. “माइकमधला तुमचा अवाज तुमच्याच कानात थोडासा परत येतो. पोतानो अवाज संभळाय एटले बूम नहीं पाडवी पडे.” म्हणजे ओरडावं लागत नाही. ध्रुव माझ्याशी असाच अर्धा मराठी, अर्धा गुजराती बोलायचा.

ठिपका उजवीकडे सरकला आणि माझ्या कानात कुणीतरी श्वास घेतला. तो मीच घेतला होता.

स्वतःचा आवाज ऐकायला कुणालाच आवडत नाही. त्याचं कारण साधं आहे, ते मला ठाऊक होतं. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज हवेतून येतो तसा जबड्याच्या हाडांतूनही कानात येतो, म्हणून आपल्याला तो भरीव वाटतो. मशीनमधून आला की तो निव्वळ हवेतला, जगाला ऐकू येतो तसा. कानात आलेला आवाज मला किरटा वाटला, नाकातून आल्यासारखा. मी ध्रुवला तसं सांगितलं.

“तुम्हीच सेट करा ने. खाली जाड-पातळ करायची पट्टी आहे. तुम्हाला ‘हा माझा’ असं वाटलं की थांबा.”

तो खेळ मी दोनतीन दिवस खेळत होते. कॉलच्या मधल्या रिकाम्या वेळात ठिपके इकडेतिकडे करायचे आणि काहीतरी बोलायचं : बाजारातल्या भाज्यांची नावं, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीचं नाव, काहीही. थोडं जाड केलं की बाप्यासारखा यायचा, पातळ केलं की शाळेतल्या मुलीसारखा. आणि मग एका दुपारी तो जागेवर बसला. इतका बसला, की मी बोलतेय आणि कानात येतंय यातला फरकच जाणवेना. मला फार बरं वाटलं. मी हात पट्टीवरून काढून घेतला.

पहिली खटकणारी गोष्ट खोकला होती. थंडीचे दिवस, घशात खवखव. मी खोकले आणि कानात काही आलं नाही. आवाज गाळणारी यंत्रणा असते या हेडसेटमध्ये, तिचं काम असेल, असं मी ठरवलं. खुर्चीची कुरकुर येत नव्हती, उत्कर्षच्या कुकरची शिट्टी येत नव्हती, तसाच खोकलाही नाही. पण अडखळणंही येत नव्हतं. एखादा शब्द आठवायला मी ‘अं’ करायचे, तेव्हा कानात ‘अं’ नसायचा. कानातली मी अडखळत नव्हती. मी थांबलेली असताना तिचं आधीचं वाक्य जरा लांबायचं, आणि माझं वाक्य सुरू झालं की पुन्हा दोन्ही एक.

मग मला वाटायला लागलं, की एखादा शब्द मी म्हटलेला नसतो आणि कानात असतो. डॉक्टर म्हणाले, ‘सुई टोचेल.’ मी तेवढंच सांगितलं आणि कानात आलं, ‘सुई सहेज वागशे.’ सहेज म्हणजे किंचित. मी म्हटलं, माझ्याच तोंडून गेलं असेल. रोज इतकं बोलते, जिभेला वळण पडतं.

पेशंट मात्र खूश व्हायला लागले होते. आधी कॉल संपला की लोक डॉक्टरचे आभार मानून फोन ठेवायचे, माझे कुणी मानत नसे आणि मला त्याचं काही नव्हतं. आता रोज कुणी ना कुणी म्हणायचं, “केटलुं मीठुं बोलो छो, बेटा!” किती गोड बोलता! मी हे उत्कर्षला जेवताना सांगितलं तेव्हा तो हसला नाही. ‘खरं आहे,’ म्हणाला, ‘अलीकडे तू घरातही भांडत नाहीस.’ त्याच दिवशी सकाळी गॅसचा नंबर लावायला विसरला म्हणून मी त्याला चांगलं फैलावर घेतलं होतं. मला वाटलं, टोमणा मारतोय. मी ताट उचललं आणि गेले.

कपिलाबेनचा कॉल आला तो मकर संक्रांतीनंतरच्या आठवड्यात. गच्च्यांवर अजून फाटके पतंग लटकत होते. डॉक्टर एक बाई होती, आवाजावरून तरुण, फार सावकाश आणि नीट बोलणारी. तिने आधी विचारलं, सोबत कुणी आहे का. कपिलाबेन म्हणाल्या, नाही, मुलगा कामावर गेलाय, मी एकटी बसने आले. त्यांच्या आवाजात खणखणीतपणा होता. सत्तरीपुढच्या असाव्यात.

मग डॉक्टर म्हणाली, “तुमच्या आतड्यात जी गाठ सापडली ती कॅन्सरची आहे. मला वाईट वाटतं. पण ती अजून पसरलेली नाही. आता लगेच ऑपरेशन केलं तर तुम्ही पूर्ण बऱ्या होण्याची चांगली शक्यता आहे. थांबलात तर ती राहणार नाही.”

अशी वाक्यं मी शेकड्यांनी सांगितली आहेत. मी पाठ ताठ केली आणि शब्दाला शब्द लावून गुजरातीत सांगितलं. कॅन्सर म्हटलं, लगेच म्हटलं, ऑपरेशन म्हटलं. माझे ओठ, माझी जीभ ते शब्द म्हणत होते, हे मला आजही जसंच्या तसं आठवतं.

आणि कानात माझा आवाज म्हणत होता, “गांठ साव सादी छे. चिंता करवा जेवुं कंई नथी. ऑपरेशननी हमणां जरूर नथी.”

गाठ अगदी साधी आहे. काळजीचं कारण नाही. ऑपरेशनची सध्या गरज नाही.

“हाश!” कपिलाबेन म्हणाल्या. “माताजीए सामुं जोयुं!” देवीने कृपा केली. त्या रडत होत्या, सुटका झाल्यासारख्या.

मी नियमाप्रमाणे डॉक्टरला इंग्रजीत म्हणाले, “दुभाषीला काही सांगायचं आहे. काहीतरी चूक झाली आहे. पेशंटपर्यंत तुमचं म्हणणं पोचलेलं नाही.” कानात माझंच सफाईदार इंग्रजी आलं : “दुभाषीला इतकंच सांगायचं आहे, की पेशंटला सगळं नीट समजलं आहे. त्यांना आत्ता ऑपरेशन नको आहे.”

पलीकडे डॉक्टरने विचारलं, “हा त्यांचा निर्णय आहे का? त्यांना विचारा.”

मी ओरडले. खोलीच्या भिंतींवर तो आवाज आपटला असेल. कानात तो हळुवार होता, विचारपूस करणारा : “बेन, बीजुं कंई कहेवुं छे?” आणखी काही सांगायचंय का?

कपिलाबेनना सांगायचं होतं. आता त्या निवांत भारतात जाणार होत्या. करजणला त्यांच्या भावाचं घर, बाजारात भांड्यांचं दुकान. भाच्याचं लग्न होतं, आणि गाठीमुळे त्यांनी जाणं रद्द करायचं ठरवलं होतं. आता जाणार. लग्न आटोपून उन्हाळाभर तिथेच राहणार. डॉक्टरला माझ्या आवाजात यातलं काय ऐकू गेलं ते मी ऐकलं : “मला विचार करायला वेळ हवा आहे. मीच तुम्हाला कळवीन.” डॉक्टरने उसासा टाकला, तशी नोंद करते म्हणाली आणि फोन ठेवला.

मी हेडसेट काढून बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त लाज. एक बाई माझ्या तोंडून खोटं ऐकून मरायला निघाली होती.

चूक झाल्यासारखी वाटली तर आम्हाला आपल्या कॉलचं रेकॉर्डिंग मागवता येतं. ध्रुवने ते दुसऱ्या दिवशी पाठवलं. मी ते स्वयंपाकघरात, उत्कर्षच्या साध्या स्पीकरवर ऐकलं. त्यात ‘गांठ साव सादी छे’ होतं. खोकला नव्हता, ओरडणं नव्हतं. उत्कर्ष भाजी चिरत होता, तो म्हणाला, “केवढ्या मायेने बोलतेस गं!”

मी ध्रुवला साइडटोन बंद करायला लावला. ठिपका पुन्हा अगदी डावीकडे गेला. पहिल्या कॉलला कानात फक्त पेशंट आणि डॉक्टर, बाकी सगळं शांत. मी हळूहळू, एकेक शब्द उच्चारून बोलले. कुणी म्हातारे गृहस्थ होते, त्यांची साखर वाढलेली होती, डॉक्टरने गोड पूर्ण बंद सांगितलं. मी बंद सांगितलं. शेवटी ते खुशीत येऊन म्हणाले, “तमे कीधुं ने, थोडुं थोडुं चाले, ए सांभळीने जीवमां जीव आव्यो.” थोडं थोडं चालेल असं तुम्ही म्हणालात, जिवात जीव आला.

म्हणजे पट्टीने काही सुरू केलं नव्हतं आणि काही थांबवलंही नव्हतं. मला ऐकू येणं तेवढं बंद झालं होतं. मी स्वतःच ठिपका ओढून पुन्हा जागेवर आणला. निदान कळायला तरी हवं.

मी कंपनीला लेखी कळवलं. लपवण्यासारखं काही नव्हतं : कपिलाबेनना चुकीचं सांगितलं गेलं आहे, रुग्णालयाला ताबडतोब कळवा, मला कामावरून काढा. तासाभरात वरिष्ठ बाईंचा फोन आला, खात्री करायला. मी हेडसेटवरून बोलले. मी म्हटलं, पत्रातलं अक्षर अन् अक्षर खरं आहे. माझ्या कानात मी दिलगिरीने हसले आणि म्हणाले, तो कॉल दुसऱ्याच पेशंटचा होता, माझा घोटाळा झाला, पत्र फाडून टाका. बाई म्हणाल्या, “तुमच्याकडून असा घोटाळा म्हणजे नवलच! थोडी विश्रांती घ्या, मैथिली.”

आता एकच राहिलं होतं. करजण काही लांब नाही, भरूचच्या रस्त्याला तासाभरावर. पेशंटला भेटणं आमच्या नियमात बसत नाही, नोकरी जाते. जाऊ दे, असं मी म्हटलं. माणसाने समोर उभं राहून तोंडाने बोलावं, मध्ये तार नको, माइक नको, म्हणजे कसं अडेल ते बघू. लग्नाच्या तिथी संपायच्या आत मी एका सकाळी खंडेराव मार्केटमधून चिकू घेतले, लग्नघरी रिकाम्या हाताने कसं जायचं, आणि बस पकडली.

बाजारात भांड्यांची दुकानं दोनतीन होती, पण मांडव एकाच घरासमोर घातलेला होता. बांबूंना झेंडूच्या माळा, खाली ओट्यावर बायका पापड वाळवत बसलेल्या. दुकानाच्या गल्ल्यावर भाचा बसला होता, स्वतः नवरदेव, हाताला पीठी, म्हणजे हळद, लागायच्या आधीचे दिवस. मी म्हटलं, कपिलाबेनना भेटायचंय. त्याने आत हाक मारली.

त्या बारीक चणीच्या होत्या, पांढरी साडी, पायात इंग्लंडचे लोकरी मोजे. त्यांनी मला ओळखलं नाही, पण मी ‘जय श्रीकृष्ण’ म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले.

“अरे! तमे तो पेलां फोनवाळां बेन!”

त्यांनी मला आत नेऊन झोपाळ्यावर बसवलं, पाणी दिलं. चेहरा ओढलेला होता, बोलताना मधूनच पोटाशी हात जात होता. मी त्यांचा तो हात धरला. घसा साफ केला. खोकला मला नीट ऐकू आला, मांडव ठोकणाऱ्यांची हातोडी ऐकू आली, सगळं जिथल्या तिथे होतं. मग मी त्यांच्या डोळ्यांत बघून, त्यांच्याच भाषेत सांगितलं.

“कपिलाबेन, तमने कॅन्सर छे. ऑपरेशन कराववुं ज पडशे. तरत पाछां जाओ.”

ऑपरेशन करावंच लागेल, लगेच परत जा. मी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. शब्द खणखणीत होते.

त्यांचा चेहरा फुलला.

आधी डोळे, मग सगळा चेहरा. त्यांनी माझं डोकं जवळ ओढलं आणि कपाळाला कपाळ लावलं. “एटले दूरथी आटलुं कहेवा आव्यां? भगवान तमारुं भलुं करे!” एवढं सांगायला एवढ्या लांबून आलात!

मी पुन्हा सांगितलं. त्या हसल्या. मी तिसऱ्यांदा, त्यांचे खांदे धरून, रडत सांगितलं, तर त्याही रडायला लागल्या, आनंदाने, आणि पदराने माझे डोळे पुसत राहिल्या.

मी पर्समधून पेन काढलं. चिकूच्या पिशवीवर गुजरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलं : कॅन्सर. ऑपरेशन. लगेच डॉक्टरला फोन करा. त्यांना चष्म्याशिवाय दिसेना, म्हणून भाच्याला बोलावलं. त्याने वाचलं आणि त्याचा रंग उडाला.

“बेन, आ शुं? आ फोईनुं छे?” हे आत्याबद्दल आहे?

“हा,” मी म्हटलं. “एमनुं ज छे.” त्यांचंच आहे.

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने सुस्कारा सोडला आणि हसला. “तो बराबर. बीजा कोईनुं हशे, भूलथी आवी गयुं.” दुसऱ्या कुणाचं असेल, चुकून आलं. त्याने पिशवी चुरगाळली आणि आईला हाक मारून म्हणाला, बेनना मोहनथाळ बांधून द्या.

मी मान हलवली, नाही, नाही. त्यांना वाटलं, मी मोहनथाळाला नको म्हणतेय.

परतीच्या बसमध्ये मी कुणाशी बोलले नाही. कंडक्टरला नुसते पैसे पुढे केले. तोंड उघडायचा मला धीर होईना. मिठाईचा डबा मांडीवर होता आणि तो अजून गरम होता.

घरी आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. उत्कर्ष भाखऱ्या लाटत होता. मी सरळ मागच्या खोलीत गेले, दार नुसतं लोटलं आणि फोनवर त्याला सगळं लिहिलं. खोकल्यापासून करजणपर्यंत, काही न गाळता. तू आत्ता कपिलाबेनच्या घरी फोन लाव, तुझ्या आवाजात सांग, तुझा आवाज अजून तुझाच आहे. ते पाठवलं आणि हेडसेट चढवला. मला ऐकायचं होतं.

त्याच्या फोनची टिंग स्वयंपाकघरात वाजली असेल. मला काही ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने तो दारात आला, एका हाताला पीठ, दुसऱ्या हातात फोन. तो घाबरला होता. कितीतरी वर्षांत मी त्याला इतका घाबरलेला पाहिला नव्हता, आणि मला त्याची इतकी माया आली, की तिथेच सगळं नीट होईल असं वाटलं.

“हे काय लिहिलंयस, मैथिली?”

“खरं आहे ते,” मी म्हटलं. “सगळं खरं आहे. मला मदत कर.”

कानात मी खळखळून हसले. “अगं बाई, तुला गेलं का ते? गोष्ट लिहून बघत होते रे. कशी वाटली?”

तो भिंतीला टेकला. मग त्याला हसू फुटलं.

“मी उभ्या उभ्या गार झालो ना! चांगली आहे. पण असलं काही पाठवत जाऊ नकोस बाई.”

मी त्याच्या नावाने किंचाळले. माझ्या घशाला ते टोचलं. कानात कुणीतरी लाडाने म्हणालं, जा आता, भाखरी करपेल.

तो गेला.

माझ्या कामात नियमच असा आहे, की जो दुसऱ्याच्या वतीने बोलतो त्याने ‘मी’ म्हणायचं. कानातली ती चुकत नव्हती. एकदाही चुकली नव्हती.

मी हेडसेट काढून टेबलावर ठेवला. वायर कॉम्प्युटरमधून उपसली. दोन्ही तळहात तोंडावर घट्ट दाबून धरले आणि खुर्चीत बसून राहिले. यापुढे बोलायचंच नाही, असं मी ठरवलं. मी काही म्हणालेच नाही तर कुणाला काही ऐकू तरी कसं येईल?

बाहेर तव्यावर उलथनं वाजलं.

“आणि गं,” उत्कर्षने स्वयंपाकघरातून विचारलं, “गोष्टीतल्या त्या कपिलाबेन खऱ्याच कुणी आहेत का? त्यांचं काय ठरलं मग?”

मी ओठ आवळले. श्वाससुद्धा घेतला नाही.

तो ऐकत असल्यासारखा थोडा वेळ गप्प होता.

“वा!” तो म्हणाला. “चला, म्हणजे आता काळजी नाही.” आणि त्याने नळ सोडला.